एकादशीला न रुसणारं मशीन

वारिजाच्या मशीनला सकाळचं वावडं होतं. बटण दाबलं की दिवा लागायचा, आत घरघर व्हायची, पडदा उजळायचा. आता लागलं एकदाचं म्हणून वारिजा खुर्ची पुढे ओढते न ओढते तोच पडदा काळा. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. मग ती टेबलाखालून ते जडशीळ खोकं बाहेर ओढायची, आडवं करायची, बाजूचा पत्रा काढून आत हात घालायची. हे दाब, ते हलव असं करून खोकं परत उभं केलं की मशीन गुमान सुरू. मग दिवसभर कितीदाही बंद-चालू करा, त्याची कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

हे मशीन, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, दुकानातून पेटीबंद आलेलं नव्हतं. वारिजाने बंगळूरच्या एस. पी. रोडवर पायपीट करून एकेक भाग निवडून आणला होता आणि म्हैसूरच्या घरी, बाहेरच्या खोलीत चटई टाकून, आपल्या हाताने जोडलं होतं. विकतचं बिघडलं तर कंपनीच्या नावाने खडे फोडता येतात. स्वतः जोडलेलं बिघडलं तर खडे कुणाच्या नावाने फोडायचे? त्यामुळे ते पडलं की तिला राग यायचा आणि लाजही वाटायची, आणि या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की वारिजा फार चिवट व्हायची.

ती आवाजाचं काम करायची. कुणीतरी माइकसमोर बसून पुस्तक वाचायचं, आणि त्यातले श्वास, खाकरणं, पानांची सळसळ, मागे ओरडलेला भाजीवाला असं सगळं वेचून काढून वारिजाने ते ऐकण्यासारखं करायचं. बंगळूरच्या एका बोलक्या पुस्तकांच्या कंपनीने तिला एक अख्खी कन्नड कादंबरी नमुन्यादाखल दिली होती. शुक्रवारी दुपारच्या आत पाठवायची. पसंत पडली तर वर्षभराचं काम घरबसल्या.

आणि पाठवता आली नाही तर काय, ते अण्णाने ठरवूनच ठेवलं होतं. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, गुरुप्रसाद. म्हैसूरचं घर भाड्याने द्यायचं, अम्माला बंगळूरला त्याच्या चौदाव्या मजल्यावर न्यायचं आणि वारिजाने त्याच्या मित्राच्या ऑफिसात चिकटायचं. अम्मा एकदा तिकडे राहून आली होती. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "छान आहे. पाय जमिनीला लागत नाहीत." वारिजाने पुढे विचारलं नाही.

अण्णाचा रोज फोन यायचा. "काय म्हणतंय तुझं बाळ? आज उठलं का?"

"उठलं."

"उठलं की उठवलं?"

वारिजाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, पिशवीत घालून न्यायचा लॅपटॉप मिळतो हल्ली. ही खोकी जोडत बसायची हौस कशाला? सांग, उद्या घेऊन येतो."

"नको. दोष सापडल्याशिवाय मी हे सोडणार नाही."

"म्हणजे सापडेपर्यंत कादंबरी थांबणार का?"

वारिजाने फोन ठेवला. तिचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. मग ते सुधारणं कसलं, नशीबच की.

पहिल्यांदा मशीन पडलं तेव्हा दोष लगेच सापडला होता. मेमरीची पट्टी खाचेत नीट बसली नव्हती. वारिजाने ती काढून, पुसून, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली आणि विषय संपला असं मानलं. पण अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. "आता हे असंच पडत राहणार का गं पुट्टी?" तिने विचारलं. वारिजा छत्तिशीची झाली तरी अम्माला ती पुट्टीच, म्हणजे छोटीच. "नाही गं," वारिजा म्हणाली. आणि दोनच दिवसांत ते पुन्हा पडायला लागलं.

मग सुरू झाली शोधाशोध. तिने मेमरी पुन्हा बसवली. आतलं सॉफ्टवेअर सगळं पुसून नव्याने चढवलं. तार बदलली, भिंतीवरचं बटण बदललं. एस. पी. रोडच्या रियाझला फोन केला. त्याच्याकडूनच तिने बरेचसे भाग घेतले होते.

"अक्का, उघडल्यावर चालतं ना?" रियाझ म्हणाला.

"चालतं."

"मग उघडंच ठेवा. माझ्या दुकानात एकाही मशीनला झाकण नाही. सगळी उघडीबंब."

"आमच्याकडे पाली आहेत, रियाझभाई."

"पालीला काय करायचंय तुमच्या कादंबरीचं?"

त्याचं ऐकून तिने एक दिवस मशीन उघडंच ठेवलं. आणि काय, सकाळी पहिल्या दणक्यात सुरू. वारिजाला वाटलं, सापडलं. बंद खोक्यात हवा कोंडत असणार, तापून बंद पडत असणार. वरच्या जाळीखाली हवा बाहेर फेकणारा एक जास्तीचा पंखा बसवला, पत्रा लावला आणि त्या आनंदात तिने अम्माला सज्जिगेही करायला लावली, म्हणजे आपला गोड शिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पडलं. सज्जिगे उरली होती, ती तिने खाल्ली नाही.

त्या आठवड्यात बुधवारी एकादशी होती. अम्माची एकादशी म्हणजे तोंडदेखली नव्हे. घरात चूल नाही, पाण्यापलीकडे काही नाही, तांदळाच्या दाण्याला हात नाही. रायरांच्या, म्हणजे अम्माच्या गुरुस्वामींच्या, मठातसुद्धा त्या दिवशी नुसतं तीर्थ. मंत्राक्षता द्यायच्या नाहीत, घ्यायच्या नाहीत. वारिजाने सकाळी मनाची तयारी करून, चटई आधीच अंथरून बटण दाबलं. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चालूच.

"एकादशीचं पुण्य," अम्मा माळ ओढता ओढता म्हणाली.

"मशीनने उपास धरलाय का?" वारिजा म्हणाली. पण हसता हसता ती थांबली. मागच्या एकादशीलाही मशीन पडलं नव्हतं. तो दिवस तिच्या चांगला लक्षात होता, कारण त्या दिवशी काम भरभर झालं होतं आणि संध्याकाळी ती स्वतःवर खूष होऊन फिरायला गेली होती.

आता देवावर विश्वास ठेवणारी माणसं इथे हात जोडून मोकळी झाली असती. वारिजा खमकी. तिने विचार केला, एकादशीला या घरात काय होत नाही? चूल पेटत नाही, कुकर लागत नाही आणि मिक्सर फिरत नाही. मिक्सर! रोज सकाळी अम्मा चटणी वाटते, त्याच वेळी आपण बटण दाबतो, विजेला झटका बसतो. गुरुवारी सकाळी तिने अम्माला दटावलं, "आज मी सांगेपर्यंत मिक्सरला हात लावायचा नाही."

"मग डोशाला काय लावून खाणार, माझं डोकं?"

"लोणचं दे."

अम्माने लोणचं दिलं. मिक्सर कोपऱ्यात गप्प बसला. मशीन पडलं.

त्या दिवशी मात्र वारिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. काम जवळपास उरकलं होतं, शेवटची दोन प्रकरणं जोडून, सगळं एकदा ऐकून पाठवायचं राहिलं होतं. पण असं रोज सकाळी मरून पडणारं यंत्र घेऊन वर्षभराचं काम कसं अंगावर घ्यायचं? नमुना गेला आणि पुढे दर आठवड्याला मशीन पडलं, तर कंपनी काय म्हणेल? अण्णाचंच खरं होणार. तिने तोंड धुतलं, खोकं आडवं करून पुन्हा चालू केलं, दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी नव्याने विचाराला बसली.

संध्याकाळी बंद करताना मशीन धडधाकट असतं. सकाळी आजारी. म्हणजे जे काय होतं ते मधल्या वेळात होतं. उंदीर, तिला वाटलं. मागच्या फटीतून उंदीर शिरत असेल, तारा हलवत असेल. एकादशीला घरात शिजत नाही म्हणून उंदीरही येत नसेल. तोही ब्राह्मणाच्या घरचा. उंदीर दिसत नाही, पण त्याचा आवाज होतो, आणि आवाज पकडणं हे तर वारिजाचं पोटापाण्याचं काम. तिने आपला हातात मावणारा छोटा रेकॉर्डर चालू केला आणि टेबलाखाली मशीनशेजारी ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी कोपऱ्यावरून दूध आणि देवासाठी शेवंतीची माळ घेऊन आली. मशीनला हात लावला नाही. रेकॉर्डर उचलला, कानाला हेडफोन लावले आणि पुढे पुढे सरकवत ऐकायला लागली. शांतता. लांब एक कुत्रं. पुन्हा शांतता. उंदराचं नाव नाही. मग पहाटेचा कावळा, नळाचं पाणी, फाटकाची कडी, म्हणजे ती स्वतः दुधाला बाहेर पडली तो क्षण. आणि लगेच अनवाणी पावलं.

पावलं जवळ आली. गुडघे कडकडल्याचा आवाज, जमिनीला हात टेकल्याचा आवाज. मग अम्माचा श्वास, इतका जवळ की वारिजाने चमकून मागे पाहिलं. आणि मग अम्मा बोलायला लागली, देवाशी बोलते त्या हळू आवाजात.

"रायरे, आजचा दिवस. पोरीचं काम जाऊ दे नीट. तिला इथून उठवू नका. माणसांवर माझा हात चालत नाही, ठाऊक आहे मला. पण हे यंत्र. याला सवाष्ण काय आणि विधवा काय, कुठे कळतंय."

आणि मग पत्र्यावर टप्, टप्, टप्टप्. तांदळाचे दाणे जाळीतून आत पडल्याचा आवाज. तो आवाज ओळखायला वारिजाला आवाजाचं काम शिकावं लागलं नव्हतं.

तिने हेडफोन काढले. तिला आपले वाढदिवस आठवले. अप्पा, म्हणजे वडील, गेले तेव्हा ती शाळेत होती. तोवर दर वाढदिवसाला अम्मा पाटावर बसवायची, ओवाळायची, डोक्यावर अक्षता टाकायची. अप्पा गेले, आणि पुढच्या वाढदिवसाला शेजारच्या शारदम्मांना बोलावणं गेलं. ओवाळलं शारदम्मांनी, अक्षता टाकल्या शारदम्मांनी. अम्मा स्वयंपाकघरात पायसम ढवळत राहिली. अण्णाच्या लग्नातही अक्षतांच्या वेळी ती खांबामागे होती. वारिजाने एकदा यावरून भांडण काढलं होतं, तेव्हा अम्मा एवढंच म्हणाली होती, "तुमचं वाईट झालेलं मला बघवणार नाही." वारिजाने नाद सोडला होता. मशीनचा नाद ती महिनाभर सोडत नव्हती, आणि अम्माचा नाद तिने एका भांडणात सोडला होता. हे तिला त्या सकाळी फार लागलं.

तिने चटई अंथरली. नेहमीसारखं खोकं आडवं न करता उभ्यानेच पत्रा काढला, आणि या वेळी काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे लगेच दिसलं. मशीनच्या मेंदूवरच्या, म्हणजे प्रोसेसरवरच्या, पंख्याच्या पात्यात, अगदी बेचक्यात, एक केशरी दाणा अडकला होता. हळद-चुन्यात माखलेला, जरा ओलसर, पक्का रुतलेला. पंखा फिरू शकत नव्हता, मशीन तापत होतं आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होतं. रोज ती खोकं आडवं करायची आणि दाणा आपोआप निसटून जायचा. कुठे जायचा? तिने खालचा कप्पा उघडला, जिथे विजेचा डबा बसवलेला असतो. कप्प्यातून मूठभर मंत्राक्षता चटईवर सांडल्या.

अम्मा कॉफीचा पेला घेऊन आली आणि दारातच थांबली.

"त्या मठातल्या आहेत," ती म्हणाली. मग चटईवरचा ढीग, उघडं मशीन आणि वारिजाचा चेहरा, असं एकामागून एक बघत तिने पेला हळूच टेबलावर ठेवला. "त्याने पडत होतं?"

"त्याने."

"रोज?"

"एकादशी सोडून. आणि त्या दिवशी मी उघडं ठेवलं होतं, तेव्हा नाही."

"उघड्या पोटावर कशा टाकायच्या, म्हणून नव्हत्या टाकल्या." अम्मा भिंतीला धरून खाली बसली. तिचा चेहरा पार उतरला होता. "बघितलंस? हातच तसला आहे माझा. यंत्रालासुद्धा बाधला."

वारिजाला राग आला. चांगला सणसणून आला. "बाधला काय बाधला? तांदूळ अडकला पंख्यात. शारदम्मांनी टाकल्या असत्या तरी अडकल्याच असत्या."

"असं तू म्हणतेस."

"मी कशाला म्हणू? तपासून बघू."

"काय तपासायचं?"

वारिजाने दाणा चिमट्याने काढला. पंखा बोटाने फिरवून पाहिला, कप्पा झटकला, पत्रा लावला, मशीन टेबलाखाली सरकवलं. मग चटईवरच्या अक्षता गोळा करून अम्माच्या ओंजळीत दिल्या आणि स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हात तोच, अक्षता त्याच. फक्त जागा बदल. इथे टाक." तिने मान खाली घातली.

"वेडी आहेस का गं? आजच्या दिवशी?"

"आजच. तू टाक, मग मी बटण दाबते. मशीन पडलं तर तुझं खरं, हात वाईट. मी अण्णाच्या मित्राकडे चाकरीला जाते आणि तू चल चौदाव्या मजल्यावर. नाही पडलं, तर पुन्हा हे हाताचं माझ्यासमोर काढायचं नाही."

"काम जाईल पुट्टी. हट्ट करू नकोस."

"जाऊ दे. टाक."

अम्मा काही करेना. बाहेर फुलवाली ओरडत गेली, शारदम्मांकडचा कुकर शिट्टी देऊन थांबला, कॉफीवर साय धरली. वारिजाची मान दुखायला लागली, पण ती वर करायची नाही असं तिने ठरवलं होतं. शेवटी अम्माचा हात तिच्या डोक्यावर आला, पण अर्ध्या अक्षता वाटेतच चटईवर पडल्या. उरलेल्या तिच्या केसांत, मानेवर, ब्लाउजच्या गळ्यात गेल्या. अम्मा काहीतरी पुटपुटली. ते वारिजाला नीट ऐकू आलं नाही.

मग ती उठली आणि मशीनपाशी गेली. खरं सांगायचं तर बटणावर बोट ठेवून तीही थांबली. तांदूळ सापडला हे खरं. पण आजच नेमकी मेमरी सैल निघाली तर? विजेने दगा दिला तर? शास्त्र बिचारं आपल्या जागी बरोबर असतं, पण पैज लावली की माणूस देवच आठवतो. तिने बटण दाबलं.

दिवा लागला. घरघर सुरू झाली, आणि इतके दिवस तिच्या कानाने जिची सकाळची उणीव टिपायला हवी होती, ती पंख्याची बारीक, एकसुरी भुणभुण तिला ऐकू आली. पडदा उजळला. दोघी बघत राहिल्या. अम्माने पदर तोंडाशी धरला होता. कॉफी गार झाली, मशीन चालूच राहिलं.

"अजून थांब," अम्मा म्हणाली. "पडेल."

"थांबते की."

अम्मा मशीनसमोरून हलेना. वारिजाने शेवटची दोन प्रकरणं जोडली, सगळं एकदा ऐकलं, आणि दुपारच्या आत कादंबरी बंगळूरला गेली. ती गेल्याचं हिरवं चिन्ह उमटलं तेव्हा वारिजाच्या केसांतून एक दाणा कीबोर्डवर पडला. तिने तो उचलून पुन्हा केसांत खोवला.

थोड्या वेळाने अण्णाचा फोन आला. तो अम्माने घेतला. "नको रे लॅपटॉप," ती म्हणाली. "दोष सापडला. नाही, मशीनमध्ये नव्हता." तिकडून काहीतरी लांबलचक विचारणं झालं. "ते तुला सांगून कळायचं नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि चटईवरचे उरलेले दाणे एकेक करून वेचायला लागली.

वेचता वेचता, वर न बघता, तिने विचारलं, "तुझा वाढदिवस पुढच्या महिन्यात ना?"

"हो."

"शारदम्माला काय सांगायचं मग?"

"जेवायला बोलाव," वारिजा म्हणाली. "पायसम त्या ढवळतील."